आज्ञाधारक यंत्राचे चुकीचे उत्तर

संगणकाला आपण एक आज्ञा द्यावी आणि त्याने भलतेच काही करून दाखवावे, हा अनुभव आता शाळकरी मुलांनाही नवा राहिलेला नाही. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघते, "संगणक बिघडला." थोडी अधिक माहिती असलेला म्हणतो, "सॉफ्टवेअरमध्येच दोष आहे." मग सुरू होतो अंदाजपंचे दाहोदरसेचा खेळ. इथला आकडा बदल, तिथला शब्द बदल, सगळे बंद करून पुन्हा सुरू कर. एखाद्या वेळी हवे ते उत्तर मिळून जाते. मिळाले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. चूक नेमकी कुठे होती, हे मात्र कोणालाच कळलेले नसते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे यात फार मोठे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. चूक शोधण्यासाठी नशीब लागत नाही आणि अलौकिक बुद्धिमत्ताही लागत नाही. ती एक पद्धत आहे. वर्गमूळ काढायला शिकवतात तशी ती शिकवता येते आणि शिकवली गेलीच पाहिजे. हे म्हणणे पटवून देण्यासाठी मी एक खरेखुरे उदाहरण घेणार आहे. ते जरा दूरचे, सिलिकॉनच्या कारखान्यातले आहे. पण घाबरू नका. त्यातले गणित दहावीच्या वर्गसमीकरणापलीकडे जात नाही.

भट्टीशिवाय भट्टी

तुमच्या घरातल्या घड्याळात, मोबाइलमध्ये, दूरदर्शन संचात ज्या चिप असतात, त्या सिलिकॉनच्या पातळ, गोल चकत्यांवर तयार करतात. एका चकतीवर शेकडो क्रिया एकापाठोपाठ एक कराव्या लागतात आणि त्यांना कित्येक आठवडे लागतात. त्यांपैकी एक महत्त्वाची क्रिया अशी: चकती सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ठेवायची आणि तिच्यावरून ऑक्सिजन किंवा वाफमिश्रित ऑक्सिजन सोडायचा. पृष्ठभागावरच्या सिलिकॉनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन सिलिकॉन डाय-ऑक्साइडचा, म्हणजे वाळूत जो पदार्थ मुख्यत्वे असतो त्याचा, काचेसारखा थर तयार होतो. हा थर विजेला अडवतो. म्हणून त्याची जाडी अगदी ठरल्याप्रमाणे असावी लागते.

आता भट्टी किती वेळ तापवायची, हे प्रत्येक वेळी चकत्या वाया घालवून ठरवायचे म्हटले तर खर्चाला सुमार राहणार नाही. म्हणून भट्टीत चकती घालण्यापूर्वी तीच क्रिया संगणकावर गणिताने करून पाहतात. याला प्रक्रियेचे प्रतिरूपण म्हणतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९७७ मध्ये 'सुप्रेम' नावाची अशी एक आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या आणि आज वापरात असलेल्या अशा अनेक आज्ञावल्या तिच्याच वंशातल्या आहेत.

या आज्ञावलीत एक आज्ञा आहे, 'डिफ्यूज'. डिफ्यूज म्हणजे विसरण होणे, पसरणे. चकती तापली की तिच्यात मिसळलेले बोरॉन, फॉस्फरस यांसारखे अणू आत पसरतात आणि त्याच वेळी, ऑक्सिजन असेल तर, वर ऑक्साइडचा थरही वाढतो. दोन्ही गोष्टी भट्टीत बरोबरच घडतात म्हणून आज्ञाही एकच. ती साधारण अशी लिहितात (संगणकाला ती रोमन लिपीत द्यावी लागते, हे सांगायला नकोच):

डिफ्यूज टाइम=६० टेंप=१००० वेटओटू

अर्थ: ६० मिनिटे, १००० अंश सेल्सिअस, वाफेने ओला केलेला ऑक्सिजन. एवढी एक ओळ लिहिली की संगणक भट्टी पेटवतो, थर वाढवतो आणि जाडी सांगतो.

उत्तर आधी, आज्ञा नंतर

पण थांबा. आज्ञा देण्याआधी उत्तर काय यायला हवे, ते आपल्याला ठाऊक आहे का?

ते कागदावर काढता येते. ब्रूस डील आणि अँड्र्यू ग्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ऑक्साइडच्या वाढीचे एक सोपे सूत्र दिले. थराची जाडी क्ष आणि वेळ ट मानली तर

क्ष² + अक्ष = बट

यातील अ आणि ब या संख्या तापमानावर आणि वायूवर अवलंबून असतात. सूत्रामागची कल्पना समजायला सोपी आहे. सुरुवातीला थर पातळ असतो, तेव्हा ऑक्सिजनला सिलिकॉनपर्यंत पोचायला काहीच अडचण नसते. थर वेळेच्या प्रमाणात वाढतो. पुढे थर जाड झाला की ऑक्सिजनला त्याच थरातून वाट काढत खाली जावे लागते. थर जितका जाड, तितकी वाट लांब. म्हणून वाढ मंदावते आणि जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढू लागते.

१००० अंशांना ओल्या ऑक्सिजनसाठी डील आणि ग्रोव्ह यांनी दिलेल्या किमती अशा: अ = ०.२२६ मायक्रोमीटर आणि ब = ०.२८७ वर्ग मायक्रोमीटर दर तासाला. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ट = १ तास घाला आणि वर्गसमीकरण सोडवा. क्ष = ०.४३ मायक्रोमीटर येते. संगणकातल्या आज्ञावलीत अधिक सुधारलेल्या किमती असतात, त्यामुळे तिचे उत्तर थोडे इकडेतिकडे होईल. पण ते याच घरातले असले पाहिजे.

हा आकडा वहीत लिहून ठेवा. आता संगणकाला आज्ञा द्या. उत्तर पाहण्याआधी आपला अंदाज कागदावर असणे ही चूक शोधण्याची पहिली पायरी आहे. ज्याच्यापाशी अंदाज नाही त्याला चूक दिसतच नाही. त्याला फक्त एक आकडा दिसतो.

चूक वेष बदलून येते

समजा, एका विद्यार्थ्याने भट्टी एक तास तापवायची म्हणून 'टाइम=१' असे लिहिले. आज्ञावली वेळ मिनिटांत मोजते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. उत्तर किती येईल? वरच्याच सूत्रात ट = एक तासाचा साठावा भाग घाला. क्ष = ०.०१९५ मायक्रोमीटर.

आता गंमत पाहा. आपल्या अंदाजाला या उत्तराने भागले तर २२ येतात. वेळेत चूक साठपटीची, उत्तरात मात्र बावीसपटीची! साठ हा आकडा समोर आला असता तर 'अरे, मिनिटे आणि तास!' असे कोणीही ओरडला असता. बावीस पाहून काही सुचत नाही. कारण वर पाहिलेच: सुरुवातीची वाढ वेगाने होते, पुढची सावकाश. आज्ञेतली चूक सूत्रातून गाळून बाहेर येते तेव्हा तिचा चेहरा बदललेला असतो. म्हणून उत्तराकडे नुसते टक लावून पाहिल्याने चूक सापडत नाही. उत्तर आणि आज्ञा यांच्यामधला नियम ठाऊक असावा लागतो. भौतिकशास्त्र नेमके इथेच उपयोगी पडते.

हीच आज्ञा आणखी किती प्रकारांनी 'बिघडू' शकते, ते पाहा.

'वेटओटू' हा शब्द लिहायचा राहिला. मग भट्टीत ऑक्सिजनच नाही. चकती तासभर तापली, आतले अणू पसरले. थर मात्र वाढलाच नाही.

'वेटओटू'च्या जागी कोरड्या ऑक्सिजनचा 'ड्रायओटू' पडला. मग थर सुमारे ०.०७ मायक्रोमीटरच येईल, म्हणजे अपेक्षेच्या सहाव्या हिश्श्याइतका.

विद्यार्थी भौतिकशास्त्रात मुरलेला असल्याने त्याने तापमान केल्व्हिनमध्ये, १२७३ असे लिहिले. आज्ञावलीने ते १२७३ अंश सेल्सिअस समजून घेतले. सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळतो. तेव्हा हे तापमान अशक्य कोटीतले नाही. संगणकाला हरकत घेण्याचे कारणच नाही. थर भरमसाट जाड येईल.

चौथा प्रकार अधिक फसवा आहे. 'सुप्रेम'च्या चौथ्या आवृत्तीत सुरुवातीलाच सांगावे लागते की चकतीची कोणती बाजू उघडी आहे. ते सांगायचे राहिले तर आज्ञावलीच्या लेखी वरच्या पृष्ठभागाला वायू लागतच नाही. मग 'डिफ्यूज'ची ओळ कितीही अचूक लिहा, थर येणार नाही. तुम्ही त्या ओळीकडे तास दोन तास पाहत बसाल आणि चूक मात्र तीस ओळी वर, दुसऱ्याच आज्ञेत दडलेली असेल.

या चारही प्रकारांत संगणकाने आपली आज्ञा अक्षरशः पाळली. तक्रार केली नाही, तांबडा दिवा लावला नाही. ताप हे जसे लक्षण, रोग नव्हे, तसेच 'थर आला नाही' हे लक्षण आहे. पहिल्या आणि चौथ्या प्रकारात लक्षण एकच, रोग वेगळे. लक्षणावरून थेट औषध देणारा वैद्य आणि आज्ञेतले शब्द वाटेल तसे बदलणारा विद्यार्थी यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

मग करायचे काय? पद्धत सोपी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलाचा परिणाम वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि उत्तर सुधारले, तर कशामुळे सुधारले ते कळणार नाही. दुसरे असे की, बाकीचा सारा पसारा बाजूला ठेवा. कोरी चकती, एकच आज्ञा, हाताने काढलेले उत्तर, एवढेच घ्या. तेथे आज्ञा नीट चालली तर ती निर्दोष आहे. दोष पसाऱ्यात आहे. मग पसाऱ्यातल्या ओळी निम्म्या करा. चाळीस ओळींपैकी विसाव्या ओळीशी थांबून चकती कशी दिसते ते पाहा. ठीक असेल तर चूक पुढच्या विसांत, नसेल तर मागच्या विसांत. पुन्हा निम्म्या करा. चाळीसाचे वीस, विसाचे दहा, दहाचे पाच. असे केल्यास फार तर सहा तपासण्यांत चुकीची ओळ हाती लागते. एकेक ओळ पाहत बसलात तर चाळीस तपासण्या लागू शकतात.

विरळ जाळीतून निसटलेला मासा

आतापर्यंतच्या चुका लिहिणाऱ्याच्या होत्या. आता अशी चूक पाहू की जिच्यात आज्ञा बरोबर, एकके बरोबर, सगळे शब्द बरोबर, आणि उत्तर तरीही चूक.

संगणक अखंड चकती पाहू शकत नाही. तो चकतीवर एक काल्पनिक जाळी टाकतो आणि जाळीच्या गाठींवरच गणित करतो. गाठींच्या मध्ये काय आहे, हे त्याला दिसत नाही. समजा, १०० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे बोरॉनचे आयन चकतीत घुसवले. ते पृष्ठभागापासून सरासरी सुमारे ०.३ मायक्रोमीटर खोलीवर थांबतात आणि त्याच्या मागेपुढे सुमारे ०.०७ मायक्रोमीटरच्या प्रमाणित विचलनाने विखुरतात. आलेख घंटेच्या आकाराचा, टोक ०.३ वर. आता जाळीच्या गाठी दर ०.५ मायक्रोमीटरला आहेत असे धरा: ०, ०.५, १.० अशा. टोक दोन गाठींच्या मध्ये पडले! ०.५ वरच्या गाठीला टोकाच्या दोन टक्क्यांहूनही कमी बोरॉन दिसेल आणि शून्यावरच्या गाठीला जवळजवळ काहीच नाही. विद्यार्थी म्हणेल, "आज्ञा चालली नाही, बोरॉन गेलेच नाही." बोरॉन गेले आहे, जाळीचे भोक मोठे असल्याने मासा निसटला आहे. गावातले तापमान फक्त पहाटे आणि संध्याकाळी मोजणाऱ्याला दुपारच्या उन्हाचा पत्ता कसा लागणार?

वेळेचेही असेच. संगणक वेळही अखंड पाहत नाही, टप्प्याटप्प्याने पुढे जातो. याचा प्रत्यय घेण्यासाठी संगणकाची गरज नाही. वही-पेन्सिल पुरे. गरम चहाचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा ८० अंशांनी जास्त आहे असे समजा. नियम असा धरू की दर मिनिटाला, त्या वेळी जितके अंश जास्त असतील त्यांच्या दहाव्या हिश्श्याने चहा निवतो. १५ मिनिटांनी चहा खोलीपेक्षा किती अंशांनी गरम असेल?

एकेका मिनिटाचा टप्पा घ्या. ८०, ७२, ६४.८ असे करत १५ व्या मिनिटाला १६.५ अंश येतात. अर्ध्या मिनिटाचा टप्पा घेऊन तीस वेळा गणित करा, १७.२ येतात. कलनशास्त्राने काढलेले खरे उत्तर १७.९ च्या आसपास आहे. म्हणजे आपण ठीक चाललो आहोत. आता आळस करून पाच मिनिटांचा टप्पा घ्या: ८०, ४०, २०, १०. उत्तर १० अंश, बरेच चुकले. आणखी आळस करा, १५ मिनिटांचा एकच टप्पा घ्या. दर मिनिटाला ८ अंश या दराने १५ मिनिटांत १२० अंश निवले. म्हणजे चहा खोलीपेक्षा ४० अंशांनी थंड! २५ मिनिटांचा टप्पा घेतलात तर आकडे येतात ८०, उणे १२०, १८०, उणे २७०. चहा एकदा गोठतो, एकदा उकळतो आणि दर खेपेला अधिकच चेकाळतो. नियम तोच, चहा तोच, बेरीज-वजाबाकी बिनचूक. वेडेपणा टप्प्याच्या लांबीत आहे.

यावरून एक उत्तम कसोटी मिळते. जाळी किंवा टप्पा निम्मा करून तेच गणित पुन्हा करा. उत्तर फारसे बदलले नाही तर विश्वास ठेवा. बदलले तर पुन्हा निम्मा करा. दुसरी कसोटी हिशेबाची. ऑक्साइडचा थर वाढतो तो सिलिकॉन खाऊनच. थराच्या जाडीच्या ०.४४ पट सिलिकॉन खर्ची पडतो. ०.४३ मायक्रोमीटर थर आला असेल तर सुमारे ०.१९ मायक्रोमीटर सिलिकॉन कमी झालाच पाहिजे. जमाखर्च जुळत नसेल तर चित्र कितीही देखणे असले तरी ते खोटे समजा.

यंत्र खरेच चुकते तेव्हा

"म्हणजे चूक नेहमी माणसाचीच, यंत्राची कधीच नाही, असे का?" असे कोणी विचारील. नाही, मी तसे म्हणत नाही. सूत्रालाही मर्यादा असतात. कोरड्या ऑक्सिजनमध्ये पहिला ०.०२ मायक्रोमीटरच्या आसपासचा थर वरच्या सूत्रापेक्षा लवकर वाढतो. डील आणि ग्रोव्ह यांनाही हे दिसले होते. म्हणून त्यांनी १००० अंशांच्या गणितात वेळेत ०.३७ तासांची भर घालून काम भागवले. अतिशय पातळ थरांसाठी मात्र अशा भरीने भागत नाही. पुढे १९८५ मध्ये मसूद, प्लमर आणि आयरीन यांनी त्या भागासाठी सुधारित सूत्र मांडले. मॉडेलची हद्द ओलांडली तर निर्दोष आज्ञाही चुकीचे उत्तर देते.

कधी तर यंत्रच चुकते. १९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या, म्हणजे ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्यांच्या, व्यस्तांची बेरीज करत होते. जूनमध्ये त्यांच्या ध्यानात आले की नव्या पेंटियम संगणकाची उत्तरे जुळत नाहीत. त्यांनी लगेच ओरड केली नाही. आपली आज्ञावली तपासली, तिचे यंत्रभाषेत भाषांतर करणारे सॉफ्टवेअर तपासले, संगणकाचे इतर भाग तपासले, दुसऱ्या यंत्रांवर तेच गणित केले. एकेक शक्यता बाद करत करत ऑक्टोबर उजाडला. मग त्यांनी सांगितले की दोष पेंटियमच्या भागाकारात आहे. तो खराच होता. भागाकारासाठी चिपमध्ये जे कोष्टक कोरले होते, त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर १.३३३८२ यायला हवेत. सदोष पेंटियम १.३३३७४ देत असे. चिप बदलून देण्यासाठी इंटेल कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. योगायोग असा की त्या वेळी इंटेलचे प्रमुख होते अँड्र्यू ग्रोव्ह. तेच, ऑक्साइडच्या सूत्रातले.

या हकिकतीतून 'यंत्रेही चुकतात' एवढाच बोध घेऊ नका. नाइसली यांना यंत्राला दोष देण्याचा अधिकार का मिळाला, ते पाहा. त्यांनी बाकीच्या सर्व शक्यता आधी तपासल्या होत्या आणि त्यांच्यापाशी पुरावा होता. 'संगणक बिघडला' हे वाक्य म्हणायला हरकत नाही; पण ते पहिले वाक्य नसावे, शेवटचे असावे.

शिक्षकांना दोन शब्द

आता शिक्षक मित्रांशी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या प्रयोगवह्या उघडून पाहा. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरणाची किंमत सर्वांच्या वहीत ९.८ च्या आगेमागे. ज्याला ९.१ मिळाली तो शेजाऱ्याची वही पाहून ती 'दुरुस्त' करतो, कारण गुण उत्तराला असतात. त्या मुलाने ९.१ का आली हे शोधले असते (दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली नाही, की आंदोलने मोजताना एकाची चूक झाली), तर तो त्या दिवशी भौतिकशास्त्र शिकला असता. आपल्या वह्यांत चुकलेल्या प्रयोगाला जागाच नाही. मग हीच मुले पुढे महाविद्यालयात संगणकापुढे बसतात आणि आज्ञा ऐकली गेली नाही की शेजाऱ्याच्या ओळी उतरवून घेतात. बी.एस्सी.च्या वर्गात मी हे दरवर्षी पाहतो आणि त्या मुलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. आपण त्यांना दुसरे काही शिकवलेलेच नाही.

म्हणून माझी सूचना अशी. प्रात्यक्षिक परीक्षेतले निदान पाच गुण चूक शोधण्यासाठी राखून ठेवावेत. विद्यार्थ्यापुढे मुद्दाम बिघडवलेले मंडल ठेवावे. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात अ‍ॅमीटर समांतर जोडलेला नको, त्याने उपकरण जळेल, पण व्होल्टमीटर एकसरीत जोडलेला चालेल. शाळेत संगणक असेल तर दहा ओळींची, एक चूक पेरलेली आज्ञावली द्यावी. विद्यार्थ्याने काय तपासले, कोणत्या क्रमाने तपासले आणि काय निष्कर्ष काढला, एवढे लिहावे. चूक सापडली नाही तरी तपासणी रीतसर असेल तर तीन गुण द्यावेत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, आधी बरोबर कसे करायचे ते तर येऊ द्या, चुका मग शोधतील. मला हे पटत नाही. सायकल शिकताना तोल जाणे आणि तोल सावरणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या महिन्यांत शिकवत नाहीत. दुसरा आक्षेप वेळेचा आणि तो खरा आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात चाळीस मुले आणि चार उपकरणे, अशी जेथे स्थिती आहे तेथे चुका शोधत बसायला सवड कुठली? त्यावर माझे उत्तर इतकेच की, वर्षातून बारा प्रयोग घाईने उरकण्यापेक्षा दहा करावेत आणि उरलेले दोन दिवस याला द्यावेत. मुलांचे त्यात नुकसान होणार नाही.

अलीकडे तिसराही एक आक्षेप ऐकू येतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकाला विचारले की तो बिघडलेली आज्ञा दुरुस्त करून देतो. मग मुलांनी का शिणावे? देतो, हे खरे आहे. पण दुरुस्त झालेल्या ओळीतून ०.४३ येणार की ०.०२, यांतले योग्य कोणते, हे कोण ठरवणार? ज्याने वर्गसमीकरण आधी सोडवून ठेवले आहे तोच. सांगणारा माणूस असो वा यंत्र, त्याचे उत्तर पारखण्याचे काम शेवटी आपल्याकडेच राहते.

विद्यार्थी मित्रांनो, लेख वाचून बाजूला ठेवू नका. आज एक कोरा कागद घ्या आणि चहाचे ते कोष्टक स्वतः मांडा. टप्पा आधी पाच मिनिटांचा घ्या, मग अडीच मिनिटांचा. उत्तर १० वरून १४.२ वर सरकते का ते पाहा. मग मित्राला त्याच कोष्टकात एका जागी गुपचूप चूक करायला सांगा आणि निम्मे-निम्मे करत ती हुडकून काढा. किती तपासण्या लागल्या, ते लिहून ठेवा आणि सोमवारी आपल्या शिक्षकांना दाखवा.